पाय दुखत नाहीत, म्हणूनच लिहितेय

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

दादाने बाबांचे मधुमेहाचे सगळे रिपोर्ट काल रात्री व्हॉट्सॲपवर पाठवले. ड्यूटीवरून आल्यावर एकेक कागद नीट वाचला. फोनवर विषय काढला की बाबा, तुम्ही "मला काही होत नाही गं, बरा आहे मी" म्हणता आणि फोन आईच्या हातात देता. म्हणून पत्र लिहितेय. दोघांनी बसून वाचा. आणि आई, बाबांनी मध्येच घडी घालून ठेवलं तर पुन्हा उघडून त्यांच्या हातात दे.

रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी (HbA1c) ८.९ टक्के आली आहे, त्याची काळजी आहेच. पण त्याहून जास्त काळजी वाटली ती पायाच्या तपासणीची. डॉक्टरांनी तुम्हाला डोळे मिटायला सांगून तळव्याला नायलॉनचा कडक दोरा टेकवला होता, आठवतंय ना? तो वाकेपर्यंत दाबला की बरोबर १० ग्रॅमचा भार पडतो. दादा सांगत होता, पावलाच्या मध्यावर टेकवला तेव्हा तुम्ही लगेच "हं" म्हणालात. उजव्या अंगठ्याला दोरा टेकवून वाकवला, तरी तुम्ही गप्प. वर "लावा की डॉक्टर" म्हणालात. दोरा तेव्हा अंगठ्यालाच होता, बाबा.

तुम्ही म्हणता पाय दुखत नाहीत, ठणकत नाहीत, मग कसली भीती? मला भीती त्याचीच आहे. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की नसा खराब होतात, आणि ज्या नसा सगळ्यात लांब, त्या आधी. म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते. पहिल्यांदा मुंग्या येतात, रात्री तळवे जळजळतात. तुम्हाला दोन-तीन वर्षांपूर्वी हे होत होतं आणि आई तळव्यांना काशाच्या वाटीने तूप चोळायची. मग जळजळ थांबली, तेव्हा आपल्या सगळ्यांना वाटलं की बरं झालं. बऱ्याच जणांच्या बाबतीत जळजळ थांबते ती नस पूर्ण बधिर झाल्यामुळे. त्याच नसा पायाला घाम आणायचं कामही करतात. ते बंद पडलं की कातडी कोरडी पडते, टाचांना भेगा जातात आणि त्या भेगांतून जंतू आत शिरतात.

आमच्या वॉर्डात बाभळीचा काटा घेऊन एक शेतकरी आले होते. काटा तळव्यात मोडला होता आणि त्यांना पत्ता नव्हता. त्याच पायाने रानात पाणी दिलं, बाजार केला. बायकोला खोलीत कसलासा वास येऊ लागला, तेव्हा पाय उलटा करून पाहिला. मी ड्रेसिंग करत होते आणि ते माझ्याशी पावसापाण्याचं बोलत होते. हात थरथरला नाही, चेहऱ्यावर आठी नाही. तशी जखम तुमच्या-माझ्या पायाला झाली असती तर माणसाने दवाखाना डोक्यावर घेतला असता. त्यांची दोन बोटं काढावी लागली. मधुमेहात पाय कापावा लागलेल्या दर शंभरातल्या सुमारे ८५ जणांची सुरुवात अशाच एखाद्या साध्या जखमेपासून झालेली असते. जखम झालीच नाही, किंवा पहिल्याच दिवशी दिसली, तर पुढचं बहुतेक सगळं टळतं. म्हणून या आजाराच्या बाकी कशापेक्षा मी पायाबद्दल जास्त लिहिणार आहे.

बाबा, रोज रात्री झोपण्यापूर्वी पाय बघायचे. तळवा स्वतःला दिसत नाही, तेव्हा आईने बघायचा, ती नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या आहेत का, नखुरडं झालंय का, कुठे लाली, फोड, नवी भोवरी आहे का. हात फिरवून एक जागा बाकीपेक्षा गरम लागते का तेही बघायचं, कारण आत काही सुरू झालं की वर दिसण्याआधी गरम लागतं. पाय कोमट पाण्याने धुवायचे. पाणी किती गरम आहे ते आईने हाताने बघायचं, तुमच्या पायाने नाही. बेचक्या कोरड्या पुसायच्या. खोबरेल टाचेला आणि तळव्याला लावा, बेचक्यांत नको, तिथे ओल राहिली की चिखल्या होतात. नखं सरळ कापायची, कोपरे खोल कोरायचे नाहीत. आणि कुरूप ब्लेडने कापायची तुमची सवय आजपासून बंद. बाजारात मिळणाऱ्या कुरुपाच्या पट्ट्याही नकोत, त्यांतल्या औषधाने चांगली कातडीसुद्धा जळते.

घरातही अनवाणी फिरायचं नाही. देवघरापुरती वेगळी स्वच्छ चप्पल ठेवली तर विठोबाला राग येणार नाही, हे मी मनापासून सांगते.

आता वारीचं. दादा म्हणाला, तुम्ही दिंडीत नाव दिलंय. तुम्हाला जाऊ नका म्हणायचा मला अधिकार नाही. आजोबांपासूनची वारी आहे, माळ आहे गळ्यात. पण आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास चाल होते, आणि पुणे ते सासवड हा दिवे घाटाचा टप्पा तर तरण्या माणसाचे पाय सोलून काढतो. दुपारचं डांबर, मग पाऊस, ओल्या चपला, रात्री तंबूत चिखल. ज्याला फोड आलेला कळतो तो थांबतो, चप्पल बदलतो. तुम्ही फोड फुटेपर्यंत चालाल. म्हणून माझं मागणं असं की आधी पाय दाखवू, चप्पल करून घेऊ, आणि निघायच्या दिवशी पायावर एकही उघडी जखम नसेल तरच चालायचं. वाटेत जखम झाली तर त्या दिवसापासून दिंडीच्या ट्रकमध्ये बसायचं, कितीही जवळ आलेलं असो. वाखरीला उतरून तुम्ही माउलींच्या पालखीबरोबर पंढरीत पाऊल टाकलंत तरी वारी पोचतेच. असं मला वाटतं. तुम्हाला पटत नसेल तर तुमच्या विणेकरी बुवांना विचारा, त्यांचं तरी ऐका.

चप्पल म्हणजे मऊ एमसीआर (बारीक छिद्रांच्या) रबराची, मागे पट्टा असलेली. अंगठ्याची नको. ती मापाने करून मिळते. संध्याकाळी माप द्यायचं, कारण तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. नवी चप्पल पहिल्या दिवशी अर्धा तास घालायची, काढून पाय बघायचा, मग हळूहळू वेळ वाढवायची. थेट आळंदीला नवी चप्पल घालून निघालात तर तीच चावेल. आणि घालण्यापूर्वी दर वेळी आत हात घालून खडा, खिळा बघायचा.

चालण्याने साखर उतरते, आणि तुमची ग्लिमेपिराइडची गोळी साखर आणखी खाली ओढते. एरवी दोन भाकरींवर घेतलेली तीच गोळी पंधरा-वीस किलोमीटर चालण्याच्या दिवशी जास्त होऊ शकते. डोस किती ठेवायचा हे डॉक्टरांकडून आधी लिहून घेऊ. हातपाय थरथरले, दरदरून घाम आला, डोळ्यांपुढे अंधारी आली, उगाच चिडचिड झाली तर अभंग संपायची वाट बघायची नाही. मशीनवर साखर ७० च्या खाली असेल, किंवा मशीन जवळ नसेल तरी, तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची. पेढा किंवा बर्फी नको, त्यातल्या तुपा-दुधामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, उतरलेलीच असेल तर पुन्हा तेवढीच साखर. बरं वाटलं की पोटभर काहीतरी खायचं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालायचं नाही, सरळ दवाखाना. हे शेजारी चालणाऱ्या दोघा-तिघांना सांगून ठेवा आणि खिशात साखरेच्या पुड्या असू द्या. एकादशीला गोळी घेऊन कोरडा उपास अजिबात नको. आणि साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता पिष्ट पदार्थ, उपासाचा म्हणून साखरेला हलका असं काही नसतं. थोडी भगर, दाण्याची आमटी, ताक, काकडी यांवर भागवा.

लघवीच्या रिपोर्टमध्ये अल्ब्युमिनचं प्रमाण ६८ आहे. ३० च्या आत हवं. किडनीची चाळण सैल व्हायला लागली की हे प्रथिन लघवीत उतरतं, आणि रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, वाढण्याच्या कितीतरी आधी उतरतं. म्हणजे आपल्याला वेळेत कळलंय. एका तपासणीवर पक्कं ठरत नाही, ती पुन्हा करायची आहे. पण बाबा, बीपीची टेल्मिसार्टन "बीपी नॉर्मल आलं" म्हणून तुम्ही सोडलीत, असं आईने सांगितलं. बीपी नॉर्मल आलं ते त्या गोळीमुळे. आणि ती गोळी बीपीबरोबर किडनीही सांभाळते, तुमच्यासारख्याला तर ती मुद्दाम देतात. ती कालपासून सुरू झाली असं दादा म्हणाला, खरं ना? गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणता त्या दुखण्याच्या गोळ्या मात्र बंद. त्या किडनीवर येतात. गुडघ्याचं वेगळं विचारू.

डोळ्यांचं थोडक्यात. गावच्या शिबिरात मोतीबिंदू नाही म्हणाले, चष्म्याचा नंबर दिला, म्हणजे डोळे तपासले असं नाही. थेंब घालून बाहुली मोठी करून आतला पडदा बघावा लागतो, दरवर्षी. पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागल्या तरी नजर बराच काळ स्वच्छ राहते, आणि लेझर किंवा इंजेक्शनचा खरा फायदा त्याच काळात होतो. थेंबांनंतर काही तास अंधुक दिसतं, तेव्हा मोटारसायकल नको.

८.९ आता. डॉक्टरांनी तुमच्या वयाला साडेसातच्या आत आणूया म्हटलंय, एकदम नाही, सावकाश. इंग्लंडमध्ये १९७७ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला, नव्याने मधुमेह निघालेल्या पाच हजारांवर माणसांचा. त्यात दिसलं की ही सरासरी एका टक्क्याने कमी असेल तर डोळे-किडनीसारख्या बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कमी असतात. एकच टक्का, बाबा. तपासणीच्या आदल्या दोन दिवशी गोड सोडून हा आकडा फसत नाही, तो तीन महिन्यांचा हिशेब असतो. ज्वारीची भाकरी कितीही खाल्ली तरी चालते आणि चहात गूळ घातला तर साखर वाढत नाही, ही दोन्ही समजुती सोडा. तीनाऐवजी दीड भाकरी, आणि ताटात मोकळ्या झालेल्या जागी पालेभाजी, उसळ, काकडी. कारल्याचा रस प्यायचा तर प्या, पण गोळीच्या जागी नाही. आणि तो बाजारात पुड्या विकणारा, "मुळापासून घालवतो" म्हणणारा, त्याच्याकडून काहीही घेऊ नका. त्या पुडीत काय असतं ते पुडीवर लिहिलेलं नसतं.

तंबाखूचंही लिहितेच. माळ घातल्यावर तुम्ही दारू-मटण एका दिवसात सोडलंत, मला ते घरातलं सगळ्यात मोठं धैर्य वाटतं. चंची मात्र राहिली. तंबाखूने रक्तवाहिन्या आखडतात, आणि ज्या पायाला आधीच रक्त कमी पोचतंय तिथली जखम भरत नाही. डॉक्टरांना विचारू, सोडायला मदत करणाऱ्या गोळ्या-गम असतात.

आई, हे तुझ्यासाठी. बाबांचं पथ्य, बाबांच्या गोळ्या, बाबांचे पाय, सगळं तुझ्याकडे. तुझी साखर मात्र शेवटची कधी तपासली, ते घरात कोणालाच सांगता येत नाही. मामाला आहे, मावशीला आहे, म्हणजे तुलाही धोका आहे. शिळी भाकरी, उरलेला भात संपवायचा म्हणून तू सगळ्यांच्या मागून जेवतेस, तेही बंद कर. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त दोनदा आली तर मधुमेह, १०० ते १२५ म्हणजे उंबरठ्यावर. उंबरठ्यावर असशील तर चालून, वजन थोडं उतरवून मागे फिरता येतं, म्हणून आताच बघायचं.

मी येत्या शनिवारी सकाळच्या एसटीने निघते. दोघांनी रविवारी उपाशीपोटी राहायचं, बाबांनी सकाळची गोळी माझ्यासमोर घ्यायची, नाश्त्याबरोबर. रक्त दिल्यावर नाश्ता करून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, वेळ घेतली आहे. संध्याकाळी चपलेचं माप. बाबांच्या जुन्या चपला टाकू नका, तळ कुठे जास्त झिजलाय ते कारागिराला बघायचं असतं. सगळे जुने रिपोर्ट आणि गोळ्यांची रिकामी पाकिटंसुद्धा एका पिशवीत काढून ठेवा.

तुमची,
सुनंदा