मोठ्या दुकानाचे दार कुणीकडे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दाट लोकवस्तीच्या, पायी फिरण्याजोग्या भागांत मोठ्या विक्री दालनांना परवानगी द्यावी की नाही, याविषयी आपल्या दैनिकात गेले काही दिवस वाचकांची पत्रे प्रसिद्ध होत आहेत. बहुतेक पत्रलेखकांनी हा प्रश्न दुकानाच्या आकाराचा मानला आहे आणि किती चौरस फुटांपर्यंत चालेल, एवढ्यावरच वाद येऊन थांबला आहे. माझ्या मते आकाराला इतके महत्त्व देण्याचे कारण नाही. तेच दुकान एका रस्त्यावर वर्दळ वाढवते आणि दुसऱ्या रस्त्याची रया घालवते, आणि यातले काय घडणार हे इमारतीच्या नकाशाला मंजुरी मिळते त्या दिवशीच जवळपास ठरून गेलेले असते.

मोठे दुकान ही मोटारीच्या युगाची निर्मिती नव्हे. पॅरिसचे ‘ल बाँ मार्शे’ एकोणिसाव्या शतकात नावारूपाला आले आणि लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर ‘सेल्फ्रिजेस’ १९०९ मध्ये उघडले. ही दुकाने मजल्यांवर मजले चढवून, पदपथाला खेटून उभी राहिली आणि तळमजल्याच्या सजवलेल्या काचा हीच त्यांची मोठी जाहिरात होती. पुढे गिऱ्हाईक मोटारीने येऊ लागले, शहराबाहेर जमीन स्वस्त मिळू लागली, तसे दुकान आडवे पसरले. आज आपण ज्याला घाबरतो ते हे आडवे पसरलेले दुकान आहे, आणि त्याचाही निम्म्याहून अधिक पसारा दुकानाचा नसून गाड्यांचा असतो. अमेरिकी उपनगरांत दर १००० चौरस फूट दुकानामागे चार गाड्यांची जागा हे प्रमाण वर्षानुवर्षे रूढ आहे. ये-जा करण्याच्या मार्गिकेसह एका गाडीला ३०० चौरस फूट धरले, तरी १००० चौरस फूट दुकानाला १२०० चौरस फूट वाहनतळ लागतो.

हे प्रमाण दाट वस्तीत आणले की काय होते, याचे उदाहरण वॉशिंग्टन शहरात आहे. तिथल्या कोलंबिया हाइट्स भागात मेट्रो स्थानकासमोर २००८ मध्ये ‘टार्गेट’चे मोठे दालन असलेले बहुमजली संकुल उघडले आणि त्याच्याखाली सार्वजनिक पैशातून सुमारे १००० गाड्यांचा वाहनतळ बांधला गेला. दुकान उत्तम चालले. वाहनतळ मात्र निम्माही भरेना, कारण गिऱ्हाईक मेट्रोने आणि पायीच येत होते. याउलट व्हिएन्नाच्या पश्चिम रेल्वे स्थानकाशेजारी ‘आयकिया’ने २०२१ मध्ये जे बहुमजली दुकान उघडले, त्यात ग्राहकांच्या मोटारींसाठी वाहनतळच ठेवला नाही. हातात नेता येईल ते ग्राहकाने न्यावे, कपाट-पलंगासारखे अवजड सामान घरपोच यावे, अशी तिथली रचना आहे. फर्निचर विकणाऱ्याला हे जमत असेल, तर ज्याचे बहुतेक सामान पिशवीत मावते अशा दुकानाने वाहनतळाचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

गाड्यांचा प्रश्न सुटला तरी भिंतीचा उरतोच, आणि माझ्या मते खरी मेख तिथे आहे. मोठ्या दुकानाला आत सलग भिंती हव्या असतात, कारण भिंतीला मांडण्या लागतात. त्यामुळे दर्शनी भागात काच असावी असा नियम केला, तर काच बसवली जाते. पण महिनाभरात तिच्यावर आतून चित्रांचे भलेमोठे कागद चिकटतात किंवा मांडणीची पाठ काचेला टेकते. नियमाचे पालन होते आणि पदपथावरून चालणाऱ्याला शंभर मीटर आंधळी भिंत मिळते. दाराचीही तीच गत. नकाशात रस्त्याकडे दार असते, उद्घाटनालाही ते उघडे असते. पुढे दोन दारांवर दोन रखवालदार ठेवणे परवडत नाही म्हणून त्याला कुलूप लागते आणि ‘कृपया वाहनतळाच्या बाजूने यावे’ अशी पाटी झळकते. म्हणजे चालत आलेल्या माणसाने इमारतीला वळसा घालून, उतारावरून येणाऱ्या गाड्या चुकवत आत शिरायचे! यावर एक जुना आणि साधा उपाय आहे. मोठे दालन मागे किंवा वरच्या मजल्यावर ठेवावे आणि त्याच्यापुढे रस्त्याच्या कडेने आठ-दहा मीटर खोलीचे लहान गाळे काढावेत, प्रत्येकाला स्वतंत्र दार द्यावे. दालनाला आपल्या सलग भिंती मिळतात, रस्त्याला आपली दारे मिळतात.

मालाच्या ट्रकांविषयी थोडक्यात लिहितो, पण शेजाऱ्यांना सर्वाधिक जाच यांचाच होतो. ट्रक पदपथावरून मागे घेत आत शिरणार असेल, तर ती रचनाच नाकारली पाहिजे. वळण्याची जागा इमारतीच्या आत असावी आणि माल उतरवण्याचे तास ठरलेले असावेत.

लहान दुकानदारांची भीती मी खोटी मानत नाही. तोच माल विकणाऱ्या शेजारच्या दुकानांना फटका बसतोच. पण परवानगी नाकारली म्हणून मोठे दुकान नाहीसे होत नाही. ते महामार्गालगत जाते आणि वस्तीतले गिऱ्हाईक मोटारीत बसवून घेऊन जाते, मग शिंपी, औषधवाला, चपला दुरुस्त करणारा या सर्वांसमोरून होणारी येजाच आटते. ब्रिटनने हे भोगून १९९६ च्या नियोजन धोरणात क्रम घालून दिला : आधी शहराच्या मध्यभागी जागा शोधा, न मिळाल्यास त्याच्या कडेला, आणि तिथेही नसेल तरच बाहेर. तोवर बाहेर बरीच दुकाने उभी राहून गेली होती, हा भाग वेगळा.

कंपनीने उद्या गाशा गुंडाळला तर काय, हेही परवानगीच्या वेळीच विचारायला हवे. एका मोठ्या दुकानाला कुलूप लागले की रस्त्याची अख्खी बाजू अंधारात जाते. म्हणून खांबांची मांडणी, जिने आणि पाण्याच्या वाहिन्या अशा असाव्यात की त्याच मजल्याचे पुढे चार-पाच स्वतंत्र भाग करता येतील.

या अटी केवळ मंजूर नकाशावर राहिल्या तर त्यांचे काय होते, ते वर सांगितलेच आहे. त्या दुकान चालवण्याच्या परवान्यात घालाव्यात, त्यांची तपासणी दरवर्षी नूतनीकरणाच्या वेळी व्हावी, आणि रस्त्याकडचे दार व्यवसायाच्या संपूर्ण वेळेत उघडे नसेल तर नूतनीकरण रोखण्याचा अधिकार स्थानिक प्रशासनाला असावा. आपल्या दैनिकाने या विषयावर प्रशासनाची भूमिका जाणून घेऊन ती प्रसिद्ध करावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक