साठ मीटर साखळी

पोर्ट फिट्झरॉय, ग्रेट बॅरिअर बेट
रविवार दुपार

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

गुरुवारी फोनवर मी म्हटलं, "जरा वारा आहे, बाकी मजेत." ते खोटं होतं. वारा जरासा नव्हता आणि मजेत कोणीच नव्हतं. आता सगळे धड आहोत, पोरं खाली पत्ते कुटतायत, म्हणून खरं काय झालं ते लिहिते.

ऑकलंडहून नव्वदएक किलोमीटरवर हे बेट. त्याच्या पश्चिम अंगाला पोर्ट फिट्झरॉय. आत शिरलं की बाहेरचा समुद्र दिसतच नाही, तोंडाशी एक छोटं बेट आडवं पडलंय. ईशान्येचं वादळ येणार हे रेडिओवर दोन दिवस सांगत होते, म्हणून आमची बोट घेऊन इथेच घुसलो. बाबा, मला देवगडची जेटी आठवली. वादळाचा बावटा लागला की गुजरातपासून केरळपर्यंतच्या बोटी आसऱ्याला यायच्या आणि तुम्ही मला विचारायचात, सगळ्यांची तोंडं एकीकडेच का? नांगरावरची बोट वाऱ्याकडे तोंड करते, हे मी शाळेत जायच्या आधी शिकले.

आमचा हिशेब सोपा होता. भरतीला पाणी आठ मीटर, वर बोटीच्या नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाची, उंची एक, झाले नऊ. एरवी याच्या पाचपट साखळी पुरते, वादळात सातपट हवी. आमच्याकडे साठ मीटरच आहे, ती सगळी सोडली. लांब साखळी तळाशी लोळते, त्यामुळे ओढ आडवी बसते आणि नांगर चिखलात आणखी रुततो. आखूड सोडली तर तोच उचकटून वर येतो. साखळीला पुढे एक नायलॉनचा दोर अडकवतात, तो ताणला जाऊन हिसके खातो. दोर नाळेवर घासून तुटू नये म्हणून तुमच्या जावयांच्या जीन्सचा पाय कापून गुंडाळला. ते अजून रुसलेत.

आई, रात्री जेवलो का विचारशील. कुकरमध्ये खिचडी केली होती. बोट कितीही कलंडली तरी कुकरचं झाकण काही सुटत नाही, असं दुसरं भांडं नाही.

डोंगराच्या आडोशाला वारा लागत नाही असं वाटतं ना? उलट, तो माथ्यावरून गोळा होऊन झपकन खाली उतरतो. पाच मिनिटं शांत, मग एकदम पंचेचाळीस नॉट, म्हणजे ताशी ऐंशी किलोमीटरच्या वर. वारा दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. बोट एका कुशीवर जायची, दोऱ्या डोलकाठीवर बडवायच्या, आणि धाकटी मात्र लाइफ जॅकेट घालून घोरत होती.

खरी भीती रात्री तीनला वाटली. वादळाचा मध्य पुढे सरकला आणि वारा ईशान्येकडून फिरून नैर्ऋत्येला आला. बोट गर्रकन वळली. आता नांगरावर उलट बाजूने ओढ. तो उखडला तर मागे खडक, दीडशे मीटरवर. ह्यांनी इंजिन चालू करून सुकाणू धरलं, मी नाळेवर पालथी पडून साखळीवर हात ठेवला. नांगर घसरत असेल तर साखळी हाताखाली गुरगुरते, खडबडत येते. धरला असेल तर नुसती ताणते आणि सैल होते. वैद्याने नाडी बघावी तशी अर्धा तास बघत होते. तिने एकदाच गुरगुर केली, मग थांबली. हात इतका गारठला होता की नंतर कपसुद्धा धरवेना.

इथली एक गोष्ट सांगते. १८९४ मध्ये 'वैरारापा' नावाची आगबोट या बेटावर आपटली, शंभराहून जास्त माणसं गेली. बातमी ऑकलंडला पोचायला तीन दिवस लागले. त्यानंतर, १८९७ मध्ये, इथे कबुतरांची टपाल सुरू झाली. पातळ कागदावर चिठ्ठी, कबुतराच्या पायाला बांधलेली, वर तिकीटसुद्धा!

इथे बातमीला तीन दिवस लागले. बाबांची अँजिओप्लास्टी झाली ती मला अकरा दिवसांनी कळली, आणि तीही मावशीच्या तोंडून. "तू लांब, उगाच काळजी करशील" म्हणालात. मीही गुरुवारी हाच विचार करून खोटं बोलले, म्हणून तुमच्यावर रागवायला तोंड नाही. पण मी आता सगळं लिहिलंय, अगदी खडकांसकट.

सकाळी नांगर वर घेतला तर त्याला टोपलीभर करडा चिखल चिकटलेला. थोरल्याने बादलीने तो धुतला आणि म्हणाला, आजोबांना फोटो पाठव. पाठवते.

तुम्ही मंगळवारी तपासणीला जाल तेव्हा रिपोर्टच्या सगळ्या पानांचे फोटो पाठवा. चांगली पानं निवडून नकोत.

तुमची,
बेबी