तक्रार: धातूवर, काचेवर पक्का म्हणून विकलेला ग्लू दमट हवेत सुटला

प्रति,
कस्टमर केअर विभाग

विषय: तुमच्या ५०० ग्रॅमच्या क्राफ्ट ग्लूबद्दल तक्रार आणि नुकसानभरपाई

नमस्कार,

मी चिपळूणला राहते आणि घरूनच खणाची ज्वेलरी करते, चार वर्षं झाली आता. म्हणजे खाली एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाचा) तुकडा, त्यावर खण, त्यावर ऑक्सिडाइजचा, म्हणजे काळपट केलेल्या धातूचा, मोर नाहीतर लक्ष्मी, कडेने मोती आणि बारीक आरसे. यात शिवणकाम जवळजवळ नाहीच, सगळं चिकटवायचंच काम, ग्लू सुटला की दागिनाच गेला.

जूनमध्ये तुमच्या क्राफ्ट ग्लूच्या दोन बाटल्या घेतल्या, २१० रुपयाला एक. आधी मी धातूसाठी दोन ट्यूब एकत्र कालवून वापरायचा इपॉक्सी ग्लू वापरायचे, तो पक्का बसतो यात वादच नाही पण महाग पडतो आणि थोडा जरी कालवला तरी अर्धा वाटीतच घट्ट होऊन वाया जातो, शिवाय वास. तुमच्या बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय की कापड, लाकूड, धातू, काच, प्लास्टिक सगळ्यावर पक्का, वॉटरप्रूफ. म्हटलं एकाच बाटलीत सगळं होतंय आणि स्वस्तही आहे तर मग घेऊया.

गौरी-गणपतीचे ४२ सेट मी याच ग्लूने केले. मुंबई, पुणे, दोन कोल्हापूरला गेले. पंधरा दिवसांत फोन यायला लागले, कोणाचा आरसा पडला, कोणाचा मोर हातात आला, असे एकूण ११ सेट. पुण्याच्या एका ताईंनी तर सेट गौरीला घातला होता, पूजेच्या दिवशीच लक्ष्मी गळून खाली साडीच्या निऱ्यांत पडली, त्यांच्या सासूबाईंना ते फार लागलं. त्यांनी मला फोटो पाठवला, खाली काहीच लिहिलं नाही. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, खरं सांगते. पैसे परत देता येतात पण त्यांचा सण परत देता येत नाही.

तुमच्या नंबरवर फोन केला तर मॅडम म्हणाल्या की सरफेस नीट क्लीन केला नसेल, २४ तास सुकू दिलं नसेल. मी धातूची मागची बाजू पॉलिश पेपरने घासते, मग स्पिरिटने पुसते, आणि चिकटवल्यावर दोन दिवस वजनाखाली ठेवते, हे काम मी काल शिकलेली नाही. परत आलेले तुकडे मी नीट बघितले. ग्लूचा सगळा थर खणावर तसाच बसलेला आणि धातूची पाठ एकदम स्वच्छ, म्हणजे धातूला त्याने धरलंच नव्हतं. मग एक तुकडा ओल्या नॅपकिनबरोबर डब्यात झाकून रात्रभर ठेवला, सकाळी ग्लू दुधासारखा पांढरा आणि मऊ, नखाने खरवडला तर वळकट्या निघाल्या. हे तर साध्या पांढऱ्या ग्लूचं लक्षण आहे ना! तो पाण्यातला असतो, पाणी उडून किंवा कापडात-लाकडात मुरून सुकतो, आणि कापड-लाकूड-कागदात शिरून पकड घेतो. गुळगुळीत धातूत आणि काचेत शिरायला जागाच नाही, आणि कोकणातल्या पावसाळ्यात तर हवाच ओली असते. मग वॉटरप्रूफ कुठल्या आधारावर लिहिलंत?

मॅडमनी असंही सुचवलं की धातूला क्विक ग्लू (थेंबभर लावला की लगेच चिकटतो तो) नाहीतर ग्लू गन (गोंदाची कांडी वितळवून लावायची) वापरा. ते मी करून बघितलेलं आहे. क्विक ग्लूने आरशाच्या आणि कुंदनच्या भोवती पांढरट धुरकट डाग येतो, खणात मुरून तिथे कापड कडक होतं, आणि सुकल्यावर तो इतका ठिसूळ की झुमका एकदा खाली पडला की सुटलाच. ग्लू गनचा गोंद उन्हात तापलेल्या गाडीत ठेवला तर मऊ पडतो. आणि मुख्य म्हणजे धातूला दुसराच ग्लू लागणार असेल तर तुमच्या बाटलीवर धातू लिहिलंयच का, हे विचारलं तर उत्तर नाही आलं.

खोटं बोलणार नाही, एमडीएफवर खण चिकटवायला तुमचा ग्लू खरंच चांगला आहे, डाग पडत नाही, सुरकुत्या येत नाहीत. तेवढंच लिहून विकला असतात तर मी परत घेतला असता आणि बाकीच्यांनाही सांगितलं असतं. आमच्यासारख्या घरी बसून करणाऱ्या बायका दहा प्रकारचे ग्लू आणून टेस्ट नाही करू शकत हो, आम्ही लेबल वाचतो आणि विश्वास ठेवतो.

शेवटी मॅडम म्हणाल्या की धंद्यासाठी वापरलं तर तुम्ही ग्राहक होत नाही. तसं नाहीये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट आहे की स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू व्यापारी कारणात धरत नाहीत, आणि तक्रार मी राहते त्या जिल्ह्यात करता येते.

माझा हिशोब असा आहे: दोन बाटल्यांचे ४२०, दोन जणींनी सेट परत करून पैसे घेतले त्याचे ९००, त्यांचं येण्याचं कुरियर १४०, आणि नऊ सेट मी इपॉक्सीने परत चिकटवून दिले त्यांचं जाण्यायेण्याचं कुरियर १२६०. एकूण २७२०. माझ्या मेहनतीचे मी धरलेले नाहीत. हे पैसे १५ दिवसांत द्या, आणि लेबलवरून धातू, काच आणि वॉटरप्रूफ हे तीन शब्द काढा, पाण्यावर आधारित ग्लू आहे हे समोरच्या बाजूला मराठीत-हिंदीत वाचता येईल असं लिहा. नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवणार आणि तिथून पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाणार.

बिल, फोटो सोबत जोडलेत. एक बाटली अजून सीलबंद आहे आणि ते दोन परत आलेले सेट मी हात न लावता तसेच ठेवलेत, तुमच्या लॅबला तपासायचे असतील तर पाठवते, कुरियर मात्र तुमच्या खर्चाने.

तुमची ग्राहक,
चिपळूण