लाल टोपण, केशरी टोपण: मा. वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सविनय नमस्कार.

मी बी.एस्सी. नर्सिंगच्या चौथ्या वर्षाला आहे. दुसऱ्या वर्षी मेडिसिन वॉर्डात पोस्टिंग असतानाची गोष्ट सांगते. एका काकांना जेवणाआधी २० युनिट इन्सुलिन द्यायचं होतं. मी वायल, म्हणजे इन्सुलिनची छोटी बाटली, घेतली, ट्रेमधली सिरिंज उचलली आणि २० च्या रेघेपर्यंत औषध भरलं. काकांनी सदरा वर केला, तेवढ्यात मागून स्टाफ सिस्टरांनी माझं मनगट धरलं. "टोपण कुठल्या रंगाचं होतं गं?"

लाल. म्हणजे ४० ची सिरिंज. वायल मात्र १०० ची होती. आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींत मिळतं, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट किंवा १०० युनिट. ४० साठी लाल टोपणाची सिरिंज, १०० साठी केशरी. लाल सिरिंजवर २० ची रेघ म्हणजे अर्धा मिलिलिटर, आणि १०० च्या वायलमधलं अर्धा मिलिलिटर म्हणजे ५० युनिट. काकांना अडीचपट डोस गेला असता. साखर एकदम उतरून ते बेशुद्ध झाले असते, कदाचित वाचलेही नसते.

इन्सुलिन मला येत नव्हतं असं नाही. प्रकार, कुठलं किती वेळात काम सुरू करतं, कधी जोर धरतं, सगळं ड्रग बुकात सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं. राइट पेशंट, राइट ड्रग, राइट डोस हेही तोंडपाठ. पण दोन सिरिंजा शेजारी ठेवून "आता २० युनिट भरून दाखव" असं मला कुणी कधी म्हटलंच नव्हतं. सध्याच्या अभ्यासक्रमात तिसऱ्या सत्रात फार्माकॉलॉजीला, म्हणजे औषधशास्त्राला, २० तास आहेत. त्या तासांत इंग्रजी नावांचा डोंगर चढता चढताच मराठी शाळेतून आलेल्या आमच्यासारख्या मुलींची दमछाक होते. डोसाचं गणित वहीत एखाद-दोनदा सुटतं आणि तिथेच राहतं.

शिकवलं तर किती पक्कं बसतं, हेही मी अनुभवलंय. लेबर रूममध्ये मॅगसल्फचा (गरोदरपणात रक्तदाब वाढून येणाऱ्या फिट्सवरचं मॅग्नेशियम सल्फेट) पुढचा डोस देण्याआधी गुडघ्यावर हॅमर मारून पाय उडतो का पाहायचं, श्वास मोजायचे, लघवी किती झाली ते बघायचं आणि त्याचा उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवायचं. तिथल्या सिस्टरांनी हे मला बेडशेजारी उभं करून, तीन वेळा माझ्याच तोंडून वदवून घेतलं. आता झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

म्हणून पहिली विनंती अशी की, वॉर्डात औषधांच्या ट्रॉलीला हात लावण्याआधी प्रत्येक विद्यार्थिनीची डोस भरण्याची प्रात्यक्षिक परीक्षा व्हावी. खऱ्या वायली, खऱ्या सिरिंजा, लहान मुलांची पातळ औषधं. पॅरासिटामॉलचं सिरप ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅमचंही असतं आणि २५० चंही, हे बाटली हातात घेतल्यावरच लक्षात राहतं. तोंडी परीक्षेत मराठीतून उत्तर द्यायची मुभा असावी. आणि पास होण्यासाठी ५० टक्के पुरेसे नसावेत. इथे निम्मं बरोबर येऊन कसं चालेल?

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. त्या दिवशीची चूक कुठेच लिहिली गेली नाही. सिस्टरांनी सिरिंज टाकून दिली, मला नीट भरायला लावलं, आणि मी घाबरून गप्प बसले. कळलं असतं तर हजेरी कापली गेली असती, घरी फोन गेला असता. औषधाचा दुष्परिणाम कळवायला देशात २०१० पासून फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रम आहे, १८००-१८०-३०२४ हा टोल-फ्री क्रमांक आहे, नर्सही तिथे नोंद करू शकते. पण होता होता टळलेल्या चुकीसाठी आमच्या वॉर्डात साधी वहीसुद्धा नव्हती. दोन ताकदींचं इन्सुलिन आणि दोन रंगांच्या सिरिंजा एकाच ट्रेमध्ये होत्या. पुढच्या बॅचची पोस्टिंग आली तेव्हाही त्या तशाच होत्या, मी स्वतः पाहिलं.

प्रत्येक शासकीय रुग्णालयाच्या वॉर्डात अशी एक वही ठेवण्याचा आदेश आपण काढावा. नाव लिहायचं नाही, शिक्षा नाही, आणि दर महिन्याला इन्चार्ज सिस्टर, ट्यूटर आणि फार्मासिस्ट यांनी ती एकत्र बसून वाचायची. आमच्या वॉर्डात ती आली की पहिली नोंद मी करीन: लाल टोपण, १०० ची वायल, २० ची रेघ.

आपली विश्वासू,
एक नर्सिंग विद्यार्थिनी