मुरूडचे सोमण गुरुजी आणि साताऱ्याची वाट

दापोली

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बदली होऊन येथे आल्यापासून बाबा दर फोनला एकच विचारत होते, "मुरूड पाहिलेस का?" गेल्या रविवारी अखेर जाऊन आले. जे सांगायचे आहे ते फोनवर मावणारे नाही, शिवाय बाबांना हल्ली फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. आई, तू ते नेहमीसारखे मोठ्याने वाचून दाखव.

मुरूड दापोलीपासून अर्ध्या तासावर आहे. माडा-पोफळींच्या वाड्या, मधून जाणारी चिंचोळी पाखाडी आणि शेवटी समुद्र. किनाऱ्यावर पर्यटकांची गर्दी होती, पण मी आधी दुर्गादेवीच्या देवळात गेले. तेथील लाकडी खांबांवरचे कोरीव काम पाहण्याजोगे आहे, पण मी तेथे थांबले ती दुसऱ्याच कारणाने. पुढे महर्षी म्हणून ओळखले गेलेले धोंडो केशव कर्वे शाळकरी वयाचे असताना विनायक लक्ष्मण सोमण या त्यांच्या गुरुजींनी त्यांना याच गावात, देवळात जमणाऱ्या लोकांना वर्तमानपत्र वाचून दाखवण्याचे काम दिले होते. ज्या मुलाला चारचौघांत तोंड उघडायला संकोच वाटे, त्याच्याकडूनच हे काम करून घ्यावे, यात त्या मास्तरांची पारख दिसते. बाबा, तुम्हीही वर्गातल्या सर्वांत अबोल पोराला प्रार्थना सांगायला उभे करत होता, त्याची मला आठवण झाली. (तो अबोल पोर अनेकदा मीच असे, आणि तेव्हा मला तुमचा फार राग येई.)

सोमण गुरुजींविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, ते बहुतेक सारे कर्व्यांनी लिहून ठेवले म्हणून. सरकारी शिक्षणखाते १८५५ साली सुरू झाले. त्याआधी गावोगावी पंतोजींच्या शाळा असत. धुळपाटीवर बोटाने अक्षर गिरवायचे, मोडी वळवायची आणि पावकी, निमकी, सवायकी, दिडकी ही अपूर्णांकांची पाढ्यांची उजळणी तालावर घोकायची, एवढा त्यांचा विस्तार. नव्या मराठी शाळांत छापील क्रमिक पुस्तके आली, भूगोल-व्याकरण आले, तपासायला डिपुटी येऊ लागले. परंतु मास्तरने शाळा सुटल्यावर काय करावे, हे कोणत्याही खात्याने सांगितले नव्हते. सोमण गुरुजींनी मात्र वर्तमानपत्राचे वाचन सुरू केले आणि गावात भांडवल गोळा करून सामाईक दुकानही काढून पाहिले. दुकान पुढे बसले. तरीही चार माणसांचे थोडेथोडे पैसे एकत्र करून गावासाठी काही उभारता येते, हे त्या मुलाने तेथेच पाहिले असणार; मोठेपणी त्यांनी 'मुरूड फंड' उभारला, तेव्हा हीच शिकवण कामी आली असावी, असे मला वाटते. ही माझी अटकळ आहे, बाबा, तुम्ही लाल शाईने खूण केलीत तरी चालेल.

आता साताऱ्याची गोष्ट. त्या काळी मराठी सहावीची सरकारी परीक्षा उत्तीर्ण झाल्यावाचून प्राथमिक शाळेतील मास्तरकी किंवा कचेरीतील लहानशी कारकुनीही मिळत नसे, म्हणजे गरीब घरच्या मुलाच्या दृष्टीने ती परीक्षा म्हणजे भाकरीच. पावसाळ्यात गलबते बंद, त्यामुळे परीक्षेसाठी मुंबईला जाण्याचा समुद्रमार्ग खुंटलेला. तेव्हा १८७५ साली कर्वे काही सोबत्यांसह मुरूडहून साताऱ्याला पायी निघाले. अंतर सुमारे ११० मैल, मध्ये अख्खा सह्याद्री, वर धो धो पाऊस. एवढे करून परीक्षेच्या जागी पोहोचल्यावर समितीच्या प्रमुखांनी त्यांच्याकडे पाहिले आणि हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही, असे म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. वय पूर्ण होते. पण अंगकाठी किरकोळ, आणि साहेबासमोर हुज्जत घालण्याचा स्वभाव नाही. तेच ११० मैल त्यांना परत मोजावे लागले. पुढे कोल्हापूरहून ते ती परीक्षा उत्तीर्ण झाले.

मी मोटारीने साताऱ्याहून येथे येते तेव्हा घाटात पोटात ढवळते म्हणून कुरकुर करते, हे आईला ठाऊक आहे. या खेपेस मी तोंडातून चकार शब्द काढणार नाही.

बाबा, हे वाचताना तुम्हाला पहिला प्रश्न पडेल तो वयाच्या दाखल्याचा. तुमच्या शाळेत निम्म्या गावाची जन्मतारीख १ जून होती, कारण आईबापांना तारीख सांगता येत नसे आणि शाळा जूनमध्ये सुरू होई. आम्ही त्यावरून तुमची थट्टा करत असू. आता वाटते की एका मास्तरने वहीत ठामपणे लिहिलेली ती तारीख, खरी असो वा अंदाजाची, पोराला दारातून परत पाठवू पाहणाऱ्या साहेबासमोर ढालीसारखी उभी राहत होती.

मात्र हा सगळा इतिहास गोड करून सांगण्यासारखा नाही. ज्या दापोलीत मी राहते, तेथील निवृत्त महार सैनिकांनी १८९२ साली आपल्या मुलांना नगरपालिकेच्या शाळेत घ्यावे म्हणून अर्ज केला होता. ज्यांनी आयुष्यभर पलटणीत सरकारची चाकरी केली, त्यांच्या मुलांना आत बसवायचे की ओट्यावर, यावर वाद चालला. सुभेदार रामजी आंबेडकरांचे कुटुंबही पुढे काही काळ दापोलीत राहिले आणि मग साताऱ्याला आले. म्हणजे कर्व्यांनी पायी तुडवलेली तीच दिशा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकावर 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव लिहिले गेले. बाबा, त्या शाळेच्या भिंतीशेजारून सायकल नेताना तुम्ही मला ती दाखवत असा. तेथे त्या मुलाला स्वतःचे गोणपाट घेऊन वेगळे बसावे लागे आणि शिपायाने पाणी ओतले तरच तहान भागे. कर्व्यांना एका माणसाने तोंड पाहून परत पाठवले, तर येथे वर्गात प्रवेश देऊनही रोज परत पाठवल्यासारखेच चालले होते. दोन्ही गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत, हे मला कळते. परंतु एकाच रस्त्याच्या दोन टोकांना त्या घडल्या, म्हणून एकाच पत्रात लिहिल्या.

आणि मुलींचे तर नावच नाही! ज्या मुरूडने कर्व्यांना घडवले, त्याच गावाने १८९३ साली त्यांनी विधवा गोदूबाईंशी लग्न केले म्हणून त्यांच्यावर बहिष्कार घातला. ज्यांना त्यांनी वर्तमानपत्र वाचून दाखवले असेल, त्यांतले काही जण बहिष्कार ठरवणाऱ्या बैठकीत बसले असतील का, हा विचार देवळातून निघताना मनात आला आणि जरा वेळ पायरीवरच बसले. जवळच्याच मुर्डीच्या रघुनाथ परांजपे यांना कर्व्यांनी शिक्षणासाठी मुंबईला नेले आणि १८९९ साली ते केंब्रिजला पहिले भारतीय सीनियर रँग्लर झाले, म्हणजे तेथील गणिताच्या परीक्षेत पहिले आले, हे बाबांना पाठच आहे, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही.

आता माझे मागणे. कर्व्यांनी आत्मवृत्त लिहिले नसते, तर सोमण हे नाव आज मला कोणी सांगितले असते? तुमच्या शाळेत एकाच खोलीत चार इयत्ता बसत, गळक्या कौलांखाली तुम्ही फळा कोरड्या कोपऱ्याकडे सरकवत असा, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पाच-सहा पोरे आपल्याकडे कंदिलाखाली अभ्यासाला येत व आई त्यांना पिठले-भाकरी वाढे. यातले काहीच कोठल्या रजिस्टरमध्ये नाही. तुमच्या डोळ्यांना आता लिहिणे झेपत नाही, हे मान्य. पण तुम्ही सांगावे आणि आईने लिहावे. आई, तुझे अक्षर बाबांपेक्षा चांगले आहे, हे त्यांनाही कबूल आहे. भाकरी तू वाढलीस, तेव्हा किती पोरे आणि कोणकोण, हे तूच लिहायचे.

यासोबत रेघी कागदाच्या दोन वह्या पाठवत आहे. सुरुवात पहिल्या नेमणुकीच्या गावापासून करा आणि डिपुटी तपासणीला आले तेव्हा छपरावरून साप पडला होता, ती गोष्ट अजिबात वगळू नका. दिवाळीला येईन तेव्हा वाचीन.

आपली,
धाकटी