फुकटचं पुण्य? आधी मीटर बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरचा संगणक वैद्यकीय संशोधनासाठी वापरू देण्याविषयी लेख आला होता. विषय चांगला, लेखही सोपा. पण त्यातलं 'यासाठी तुम्हाला एक पैसाही खर्च येत नाही' हे वाक्य चार दिवस डोक्यातून जाईना. मी बँकेत छत्तीस वर्षं काढली. खर्च शून्य असं कोणी म्हणालं की आधी व्हाउचर बघावंसं वाटतं.

मी स्वतः दोन हिवाळे हा उद्योग करतो आहे. पुतण्या नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि गेम खेळायला घेतलेला त्याचा दांडगा संगणक आमच्या कोथरूडच्या घरी ठेवून गेला. माझ्या थोरल्या वहिनींना अल्झायमर आहे. हल्ली त्या मला पोस्टमन समजतात आणि पत्र आलंय का विचारतात. त्या यंत्रावर मी 'फोल्डिंग अ‍ॅट होम' हा संशोधनाला संगणक जोडून देणारा प्रोग्राम घातला तो त्यामुळे.

हा प्रकल्प २००० साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झाला. प्रथिनांची साखळी शरीरात ठरावीक घडी घालून बसते आणि ती घडी बिघडण्याचा अल्झायमरसारख्या आजारांशी संबंध आहे. ही घडी कशी पडते ते गणिताने बघायचं, तर एका सेकंदाचे दहा कोटी कोटी भाग करायचे आणि त्यातले दोन-चार भाग एवढं एकेक पाऊल टाकत जायचं. एकट्या यंत्राच्या हयातीत हे संपत नाही. म्हणून कामाचे तुकडे करून जगभर वाटतात. ठरल्या मुदतीत तुकडा परत गेला नाही, तर तोच दुसऱ्या कोणाला देतात. मार्च २०२० मध्ये लोक घरात अडकले आणि इतक्या जणांनी यंत्रं जोडली, की एकत्रित वेग सेकंदाला एकावर अठरा शून्ये एवढ्या आकडेमोडींच्या पलीकडे गेला. तेव्हा जगात पहिल्या क्रमांकावर असलेला महासंगणक याच्या पाव वेगाचाही नव्हता. गंमत म्हणजे त्या दिवसांत हात इतके झाले की वाटायला काम पुरेना. आपल्या मांडवात वाढपी जास्त होतात तसं.

म्हणजे काम खरं आहे, याबद्दल माझा वाद नाही. घरोघरचे संगणक जोडणाऱ्या 'वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड' या अशाच दुसऱ्या व्यवस्थेवर जपानमधल्या चिबाच्या संशोधकांनी लहान मुलांच्या न्यूरोब्लास्टोमा या कर्करोगासाठी तीसेक लाख संयुगं चाळली आणि २०१४ मध्ये सात आशादायक संयुगं हाती लागल्याचं जाहीर केलं. तिथेच २०१६ मध्ये क्षयाच्या जंतूच्या आवरणावरचा प्रकल्पही सुरू झाला होता. क्षयाशी आपला संबंध किती जवळचा आहे, हे वेगळं सांगायला नको.

आता मीटरचं. वीज मोजणारा एक छोटा प्लग आणून मी आकडे वहीत टिपले. आमचा संगणक नुसता चालू असताना ५५ वॅट खातो. कामाला लागला की, ग्राफिक्स कार्डाला लगाम घालूनही, २०० वॅट. 'संगणक तसाही चालूच असतो' हा लेखातला मुद्दा इथेच लंगडा पडतो. रात्री आठ तास चालवला की १.६ युनिट, महिन्याला ४८. आम्हा दोघांचं घर महिन्याला ८० युनिटांत भागतं. ते गेलं १२८ वर, आणि शंभरावरच्या प्रत्येक युनिटाला चढा दर. म्हणून आता रोज तीनच तास चालवतो: महिन्याला १८ युनिट, एकूण ९८. याला कोणी पुणेरी हिशेब म्हणावं, मला चालेल.

लेखात माळ्यावरचा जुना संगणक काढून कामाला लावा, असंही सुचवलंय. कृपया नको. जुनं यंत्र तेवढीच वीज जाळून नव्याच्या मानाने फारच थोडं काम करतं. लॅपटॉपही सतत तापवू नये, बॅटरी फुगते. आणि ऑफिसच्या किंवा शाळेच्या यंत्रांवर परवानगीशिवाय हे कोणी घालू नये. वीज संस्थेची आणि पुण्य आपलं, हा व्यवहार बरा नव्हे.

उन्हाळ्यात तर मी सरळ बंद ठेवतो. पहिल्या वर्षी एप्रिलपर्यंत चालवला. आधीच तापलेल्या खोलीत जणू एक शेगडी मांडली. त्यातच एका गुरुवारी नेहमीप्रमाणे वीज गेली. संगणक इन्व्हर्टरवर आहे हे माझ्या ध्यानात नव्हतं. त्याने तासाभरात बॅटरी रिकामी केली आणि पंखे बंद. त्या दुपारी सौ.नी वैद्यकीय संशोधनाविषयी जी मतं मांडली, ती आपल्या पत्रात छापण्याजोगी नाहीत.

एक शंका मात्र रास्त आहे, मुलांनीच मला विचारली: आता एआय प्रथिनांचे आकार सांगतं, मग हे कशाला? २०२४ चं रसायनशास्त्राचं अर्धं नोबेल याच कामाला मिळालं, हे खरं. पण उरलेलं अर्धं नवी प्रथिनं रचण्याबद्दल ज्यांना मिळालं, त्या डेव्हिड बेकर यांच्याच प्रयोगशाळेने 'रोझेटा अ‍ॅट होम' चालवलं, घरोघरच्या संगणकांवर. शिवाय आकार कळणं म्हणजे फोटो मिळणं. प्रथिन हलतं कसं, करोना विषाणूवरचा काटा उघडतो कसा, हे बघायला अजूनही पावलं मोजावीच लागतात.

ज्या सोसायट्यांच्या गच्चीवर सोलर आहे, तिथल्या गेम खेळणाऱ्या मुलांनी थंडीतल्या दुपारी हे जरूर करावं. त्यांची यंत्रं माझ्यापेक्षा तगडी आहेत. आणि आपण पुन्हा या विषयावर लेख छापाल, तेव्हा सोबत चौकटीत वॅट आणि युनिट तेवढे द्यावेत. दर गावागणिक आणि वर्षागणिक बदलतात, ते वाचक आपल्या बिलावर बघून घेतील.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
कोथरूड, पुणे