परसबागेतील वसंताची चाहूल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पंचांगाप्रमाणे वसंत ऋतू चैत्रात सुरू होत असला, तरी त्याच्या खुणा परसबागेत माघातच दिसू लागतात. पुण्यातील आमच्या घरामागे आंबा, शेवगा, कढीपत्ता आणि लिंबू एवढीच झाडे आहेत. गेल्या पंधरवड्यात, पहाटेचा गारवा टिकून असतानाच, कढीपत्त्याच्या उघड्या पडलेल्या फांद्यांवर पोपटी पालवी फुटली, शेवगा पांढुरक्या फुलांनी भरला आणि तांबट पक्ष्याचा, भांड्यावर ठोके घातल्यासारखा 'टुक टुक' आवाज दुपारभर ऐकू येऊ लागला.

आंब्यालाही मोहोर आला आहे. त्यातील बरीचशी फुले नर असतात, फळ धरते ते केवळ द्विलिंगी फुलांना, आणि परागीभवनाचे काम मुख्यतः माश्या व इतर लहान कीटक करतात. म्हणून मोहोर पूर्ण उमललेला असताना कीटकनाशक फवारू नये, अशी घरची बाग राखणाऱ्या सर्वांना माझी कळकळीची विनंती आहे. तुडतुड्यांची धास्ती मलाही वाटते, पण फवारणी करायचीच असेल तर ती फुले उमलण्यापूर्वी करावी.

याच दिवसांत पानगळीचा पाचोळा जाळण्याच्या सवयीने मात्र फार वाईट वाटते. तो झाडांच्या आळ्यात पसरल्यास उन्हाळ्यात ओल टिकते व पुढे त्याचेच खत होते. ज्यांना जागा नाही, त्यांच्याकडून महापालिकेने निदान होळीपर्यंत पाचोळा वेगळा गोळा करावा.

– एक वाचक, पुणे